विसार एक लाखाचा, फरक आठ लाखांचा: करार विकणे कायदेशीर आहे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नाशिकमधील एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या २९ वर्षांच्या तरुणाचे हे पत्र आहे. गेले वर्षभर ते अमेरिकेतील ‘रिअल इस्टेट होलसेलिंग’विषयीचे व्हिडिओ पाहत आहेत. घरमालकाशी कमी किमतीचा करार करायचा, स्वतः घर न घेता तो करारच जास्त किमतीला दुसऱ्या खरेदीदाराला द्यायचा आणि मधला फरक आपल्याकडे ठेवायचा, असा हा व्यवसाय. त्यांच्या गावात वडिलांचे एक जुने स्नेही आहेत. पत्रलेखक त्यांना काका म्हणतात. काकांची १ एकर १० गुंठे शेतजमीन असून सातबाऱ्यावर त्यांच्यासोबत दोन बहिणींची नावे आहेत. काकूंच्या आजारपणामुळे पैशाची निकड असल्याने काका २८ लाखांना तयार आहेत. पुण्यातील एक परिचित व्यावसायिक तीच जमीन ३६ लाखांना घ्यायला तयार आहेत. एक लाख रुपये रोख विसार, पाचशेच्या स्टॅम्पवर विसार पावती, नोटरीसमोर केलेले कुलमुखत्यारपत्र आणि सहा महिन्यांची मुदत. त्या मुदतीत पुण्याच्या व्यावसायिकाच्या नावे खरेदीखत, अशी योजना आहे. ३६ लाखांचा आकडा काकांना सांगायचा नाही. वडिलांना हे मुळीच पटलेले नाही. पत्रलेखक विचारतात, ‘मी जमीन विकत नाही, फक्त करार विकतो आहे; काकांना त्यांनी मागितलेली किंमत मिळते आहे; गावात सगळे असेच करतात. मग यात बेकायदा काय?’

उत्तर:

तुम्ही योजना अमलात आणण्याआधी पत्र लिहिलेत आणि वडिलांचा विरोधही प्रामाणिकपणे कळवलात, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल. जमीन खरेदीचा करार करून त्यातील हक्क दुसऱ्याला देणे आपल्या देशात मुळातच बेकायदा आहे, असे नाही. तुम्ही आखलेला मार्ग मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोणत्या ना कोणत्या कायद्याला अडतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

‘मी करार विकतो आहे’ या तुमच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तुमची सगळी योजना त्यावर उभी आहे. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये अशी मांडणी असते की खरेदीचा करार झाला, की खरेदीदाराला त्या मालमत्तेत एक प्रकारचा हितसंबंध मिळतो आणि तो विकता येतो. इंग्लंड-अमेरिकेच्या न्यायपरंपरेत या मांडणीला आधार आहे. आपल्याकडे तो नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की विक्रीचा करार स्वतःहून त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध किंवा भार निर्माण करीत नाही. तुमच्या हाती विसार पावती आली, म्हणजे जमिनीचा कणभरही भाग तुमच्याकडे आला असे होत नाही. मालकाने शब्द पाळला नाही तर त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाण्याचा एक हक्क तेवढा येतो, आणि तुम्ही विकू पाहता ती वस्तू म्हणजे हा हक्क.

हा हक्क दुसऱ्याला देता येतो. खरदाह कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले की करार व्यक्तिगत स्वरूपाचा नसेल आणि करारातच मनाई नसेल, तर त्यातील हक्क हस्तांतरित होऊ शकतात. जबाबदाऱ्या मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत. तुमच्या व्यवहारात तुमची जबाबदारी म्हणजे उरलेले २७ लाख देणे. ती पुण्याच्या व्यावसायिकावर सोपवायची असेल, तर काकांची संमती हवी. आपल्याकडच्या साठेखतांत, म्हणजे विक्रीच्या लेखी करारांत, ‘तुमच्या अथवा तुम्ही सांगाल त्या इसमाच्या नावे खरेदीखत करून देईन’ असे जे वाक्य असते, ते याच कारणासाठी असते. अनेक जण ते जुन्या मसुद्यातून उतरवून घेतात; त्याचा अर्थ मालकाला समजावून सांगणारे फार थोडे.

तो हक्क किती बळकट आहे, हेही पाहा. काकांनी उद्या खरेदीखत करून द्यायला नकार दिला, तर तुम्हाला करारपूर्तीचा दावा लावावा लागेल. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६ नुसार, कराराचा आपला भाग पार पाडण्यास आपण सतत तयार व राजी होतो, हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते, आणि न्यायालये ‘तयार’ या शब्दात पैशाची सोय धरतात. तुमच्याकडे २७ लाख नाहीत आणि ते उभे करण्याचा तुमचा विचारही नाही. बँकेचा उतारा न्यायालयासमोर आला की दाव्याचा पायाच डळमळेल. शिवाय विसार पावती नोंदणीकृत नसल्याने ती इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, दिसणार नाही. काकांनी तीच जमीन तिसऱ्या माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने विकली आणि त्या माणसाने तुमच्या कराराची कल्पना नसताना, चांगल्या हेतूने पूर्ण किंमत मोजली असेल, तर त्याच्याविरुद्ध तुमचा करार चालत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते. त्यांनी तीन लाख विसार देऊन जमीन ‘बांधून’ ठेवली होती आणि पुढच्या खरेदीदाराकडून दहा लाख घेतलेही होते. मूळ मालकाने ती जमीन भलत्यालाच विकली. मालकाकडून आपले तीन लाख वसूल करायला या गृहस्थांना सात वर्षे लागली. त्यांनी घेतलेले दहा लाख मात्र समोरच्याने लगेच मागितले आणि पोलिसांत तक्रारही केली. ते वाईट मनुष्य नव्हते. हाती असलेल्या कागदाला ते जमीन समजत होते, ही त्यांची चूक, आणि तुमच्या पत्रात मला तीच दिसते आहे.

आता कुलमुखत्यारपत्राकडे येतो, कारण तुमच्या योजनेतील सर्वांत धोक्याचा कागद तोच आहे. काकांना पुन्हा बोलवावे लागू नये आणि पुढचा आकडा त्यांच्या कानावर जाऊ नये, यासाठी तुम्ही तो घेणार आहात. परंतु कुलमुखत्यार म्हणजे प्रतिनिधी. ज्या क्षणी तुम्ही काकांचे कुलमुखत्यार म्हणून सही कराल, त्या क्षणी तुम्ही कायद्याच्या दृष्टीने त्यांचा माणूस व्हाल, आणि १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २१८ प्रमाणे प्रतिनिधीने मालकाच्या वतीने मिळालेली सर्व रक्कम, आपला रीतसर खर्च व मेहनताना वजा करून, मालकाला द्यावी लागते. ३६ लाख आले तर हिशेब ३६ लाखांचा द्यावा लागेल. कलम २१५ आणि २१६ त्याहून पुढे जातात. प्रतिनिधीने मालकाच्या नकळत त्या व्यवहारात स्वतःचा सौदा केला आणि त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली असे दिसले, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. प्रतिनिधीने मिळवलेला लाभही तो मागू शकतो. तुम्ही ज्याला नफा म्हणता आहात, तो कायद्याने काकांचा ठरण्याची ही सरळ वाट आहे.

त्याखेरीज कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितले. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. नोटरीसमोर केलेल्या अशा कागदावर दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवून घेईल, असे गृहीत धरू नका. आणि देव करो तसे न होवो, पण काका वयस्कर आहेत. साधे कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

मग तुमच्या योजनेतले आठ लाख कोणत्या कागदावर दिसणार, हे मी तुम्हाला विचारतो. पत्रात तुम्ही हे कुठेच लिहिलेले नाही. खरेदीखत ३६ लाखांचे झाले, तर ती रक्कम लिहून देणाऱ्यांना, म्हणजे काका आणि त्यांच्या बहिणींना मिळाली असा त्याचा अर्थ होतो. मग तुमच्या हाती आठ लाख कशाचे आले? खरेदीखत २८ लाखांचे झाले आणि आठ लाख रोखीने तुमच्या हाती आले, तर पुण्याच्या गृहस्थांनी खरी किंमत लपवली, शासनाचे मुद्रांक शुल्क बुडवले आणि तुमच्याकडे हिशेबात न दाखवलेला पैसा आला. हा व्यवहार लपवून करायचा असेल, तर या दोन्ही वाटांवर कुणीतरी खोटे लिहिल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

कायदेशीर मार्ग आहे, आणि जुन्या वकिलांना तो चांगला माहीत आहे. खरेदीखतात काका व बहिणी ‘लिहून देणार’, अंतिम खरेदीदार ‘लिहून घेणार’ आणि तुम्ही ‘मान्यता देणार’ म्हणून सही करता. आधीच्या साठेखताचा त्यात उल्लेख असतो. एकूण मोबदला ३६ लाख, त्यातील २८ लाख मालकांना आणि आठ लाख साठेखतातील हक्क सोडल्याबद्दल मान्यता देणाऱ्याला, असे धनादेशांच्या क्रमांकांसह लिहिले जाते. मुद्रांक शुल्क पूर्ण मोबदल्यावर, आणि शासकीय बाजारमूल्य त्याहून जास्त असेल तर त्या मूल्यावर, भरले जाते. दुसरा पर्याय म्हणजे साठेखताची नोंदणी करून त्यातील हक्क वेगळ्या नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित करणे. पण पहिल्या मार्गात काका स्वतः सही करताना तो आकडा वाचतात आणि दुसऱ्यात तो नोंदणी विभागाच्या शोधात कोणालाही सापडतो. कायदेशीर मार्गात आकडा लपत नाही. तुमचा व्यवहार तो आकडा लपण्यावरच अवलंबून असेल, तर तुमच्या वडिलांना जे जाणवले ते त्यांना कलमे ठाऊक नसतानाही बरोबर जाणवले आहे.

पाचशेच्या स्टॅम्पविषयी दोन शब्द. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराऐवजी पाचशेचा कागद लागू लागला, आणि बऱ्याच लोकांना वाटते की पाचशेचा कागद घेतला म्हणजे मुद्रांक शुल्क भरले गेले. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार ज्या विक्री करारात ताबा दिला आहे किंवा खरेदीखताआधी देण्याचे ठरले आहे, तो करार शुल्कापुरता खरेदीखतासारखाच धरला जातो. शुल्क गावशहरानुसार बदलते. पाच टक्के धरले तरी २८ लाखांवर ते १ लाख ४० हजार होते. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त तूट व दंड भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जात नाही, आणि दंड तुटीच्या रकमेवर दरमहा दोन टक्क्यांनी चढतो. हा खर्च तुमच्या हिशेबात नाही.

रोख एक लाखाचा धोका तुमच्यापेक्षा काकांना अधिक आहे, आणि हे त्यांना कोणी सांगितले नसणार. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. दोन्ही बाजूंचे उत्पन्न केवळ शेतीचे असेल आणि कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर सवलत आहे. तुमच्यासारख्या करपात्र पगारदाराकडून रक्कम घेताना ती मिळत नाही. दंड रकमेइतका असू शकतो आणि तो घेणाऱ्याला होतो. म्हणजे आजारी पत्नीसाठी पैसे उभे करणाऱ्या माणसाच्या माथी तुम्ही नकळत एक लाखाचा दंड मारू शकता. विसार धनादेशाने किंवा बँकेतूनच द्या.

आता जमिनीकडे वळू. पुण्यातील व्यावसायिक शेतकरी आहेत का? तुम्ही ते लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्ही विचारलेलेही नाही. आपल्या भागाला लागू असलेल्या १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, आणि त्या कलमात विक्रीबरोबरच विक्रीचा लेखी करारही धरलेला आहे. अमेरिकेतील व्हिडिओत हा प्रश्न येणारच नाही, कारण तिथे चर्चा घरांची असते. आपल्याकडे ती व्यक्ती शेतकरी नसेल आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतलेली नसेल, तर तुमचा हस्तांतरण करारही टिकणार नाही, आणि खरेदी झालीच तर ती अवैध ठरून जमीन शासनाकडे जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. ‘तोवर जमीन तुमच्या वडिलांच्या नावावर घेऊ, ते शेतकरी आहेत’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, याला बेनामी व्यवहार म्हणतात; त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ती वाट पूर्णपणे सोडून द्या.

दोन्ही बहिणींची नावे सातबाऱ्यावर आहेत, म्हणजे प्रथमदर्शनी त्या सहहिस्सेदार आहेत. ‘त्या सही करतील, काकांनी सांगितले आहे’ असे तुम्ही लिहिता. गावाकडे असे भाऊ नेहमी म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा तसा विश्वासही असतो. पण बहिणींच्या हिश्श्याविषयी बोलण्याचा अधिकार बहिणींचाच. त्यांना दूरध्वनी करून ‘भावाने तुम्हाला किंमत सांगितली आहे का’ एवढे विचारण्याची तुमची तयारी आहे का, हे पाहा. त्यांच्या सहीशिवाय केलेले साठेखत फार तर काकांच्या हिश्श्यापुरते उरते, आणि सामाईक जमिनीतला अविभक्त हिस्सा पुण्याचा माणूस ३६ लाखांना घेणार नाही. त्याच सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाचा शेरा, भोगवटादार वर्ग २ ची (विकायला शासनाची परवानगी लागणाऱ्या जमिनीची) नोंद यांपैकी काही आहे का, तेही पाहावे लागेल. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण होत नाही. आणि पुण्याच्या गृहस्थांना ती तोडून प्लॉट पाडायचे असतील, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि रेरा (प्लॉट व सदनिकांच्या प्रकल्पांचे नियमन करणारा कायदा) हे दोन्ही तपासावे लागतील. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलले असल्याने त्या गटाला आज नेमका कोणता नियम लागू आहे, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

‘गावात सगळे असेच करतात’ या तुमच्या वाक्यावर मी रागावणार नाही. ते बरेचसे खरे आहे. पण सगळे करतात त्यात दोन प्रकारची माणसे असतात आणि बाहेरून ती सारखी दिसतात. एक जण साठेखताची नोंदणी करून मोठी रक्कम देतो, जमिनीचे फेरफार आणि मोजणी मार्गी लावतो, बोजा उतरवतो, सहहिस्सेदारांची भांडणे मिटवतो आणि मग विकतो. त्याने जोखीम घेतली, कष्ट केले, किंमत वाढवली. त्याचा नफा त्याचा आहे. दुसरा जण एका माणसाची निकड आणि दुसऱ्या माणसाची किंमत एवढ्या दोनच गोष्टी ओळखून मध्ये उभा राहतो. तुम्ही सहा महिन्यांची मुदत घेता आणि खरेदीदार मिळाला नाही तर एक लाखावर पाणी सोडता, म्हणजे तुमची जोखीम एक लाखाची. काकांची जोखीम अशी की त्यांची जमीन सहा महिने अडकते, आणि काकूंचे उपचार तोवर थांबत नाहीत. ही तुलना मी तुमच्यासमोर ठेवतो, कारण पत्रात तुम्ही फक्त पहिली बाजू मोजली आहे.

काकांनी मागितलेली किंमत त्यांना मिळते आहे, हे तर तुमचे मुख्य समर्थन आहे. त्रयस्थ खरेदीदार म्हणून तुम्हाला बाजारभाव सांगण्याची सक्ती कायदा सर्वसाधारणपणे करीत नाही, हे मान्य. पण २८ लाख हा आकडा आला कुठून? काकांनी चार ठिकाणी चौकशी केली होती, की ‘तू आपल्या घरातला आहेस, तूच सांग काय मिळतील’ असे विचारून तुमच्यावर विसंबून तो ठरवला? दुसरी गोष्ट घडली असेल, तर चित्र बदलते. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाने त्या विश्वासाचा वापर करून गैरवाजवी लाभ घेतला, तर करार अधिनियमाचे कलम १६ त्याला अनुचित प्रभाव म्हणते आणि असा करार रद्द करण्यास मालक पात्र ठरतो. ‘माझ्याकडे खरेदीदार नाही, मी स्वतःसाठीच घेतो आहे’ असे खोटे सांगून सही घेतलीत, तर तो प्रश्न फौजदारी फसवणुकीपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून खरेदीदार की दलाल, यांतील एक ओळख आताच निवडा आणि ती काकांना लेखी कळवा. दोन्ही ओळखींना कायद्यात जागा आहे. एकाच व्यवहारात सोयीनुसार दोन्ही वापरणाऱ्याला नाही.

ज्या अमेरिकेचे उदाहरण तुम्ही देता, तिथेही हा धंदा आता पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलून असे व्यवहार वर्षात एकापेक्षा जास्त करणाऱ्याला दलालीचा परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. पेनसिल्व्हेनियात २०२४ च्या कायद्याने परवान्याबरोबरच घरमालकाला करार मोडण्याचा हक्क दिला. या सगळ्यामागे तक्रारींचा रोख एकच होता: अडचणीतल्या, बहुधा वृद्ध घरमालकांना आपण कोणाशी करार करतो आहोत हेच कळत नव्हते. व्हिडिओ बनवणारे ही बाजू क्वचितच सांगतात. तिथे स्थायिक झालेले आपले काही मराठी वाचक अशा ‘गुंतवणुकी’साठी पैसे देतात, त्यांनीही आपल्या राज्याचा कायदा आणि समोरच्याचा परवाना आधी पाहावा.

तर तुम्ही काय करू शकता?

मला सर्वांत स्वच्छ वाटतो तो दलालीचा मार्ग. काकांना सांगा की पुण्याचा एक खरेदीदार ३६ लाखांपर्यंत जाईल, आणि व्यवहार जमवून दिल्याबद्दल ठरावीक दलाली घ्या. एकेका बाजूने दोन टक्के मिळाले, तरी दोन्हीकडचे मिळून १ लाख ४४ हजार होतात. एक रुपयाही न गुंतवता आणि कोणापासून तोंड न लपवता. दोन्ही बाजूंकडून दलाली घेत असाल, तर दोघांनाही ते माहीत असू द्या. दलाली कोणी, किती आणि केव्हा द्यायची, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या, पैसे बँकेतून घ्या आणि आयकर विवरणपत्रात दाखवा. अशा सुट्या शेतजमिनीच्या व्यवहाराला रेराची एजंट नोंदणी लागत नाही. पण पुढे याच कामात पडून नोंदणीकृत प्रकल्पांतील प्लॉट किंवा सदनिका विकू लागलात, तर महारेराची नोंदणी आणि त्यासाठीचे प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास दंड दररोज दहा हजार रुपयांपर्यंत होतो.

दलाली फारच थोडी वाटत असेल आणि तुम्ही खरोखर मेहनत करणार असाल, तर काकांबरोबर उघड भागीदारीचा करार करा. २८ लाख त्यांचे निश्चित. त्यावर जे मिळेल त्यातला अमुक हिस्सा तुमचा, बाकी त्यांचा. बोजा उतरवणे, बहिणींची संमती, मोजणी, खरेदीदाराचा शेतकरी असल्याचा पुरावा, ही कामे तुमची. असा करार मी अनेकदा पाहिला आहे आणि त्यातून भांडणे कमी होतात, कारण जास्त किंमत मिळाल्याचा आनंद दोघांना होतो.

खरेदीदारच व्हायचे असेल, तर खऱ्या अर्थाने व्हा. तुमचे वडील शेतकरी आहेत; तुम्हालाही तो दर्जा मिळतो का, हे वकिलांकडून तपासून घ्या. पैशाची सोय कागदावर दाखवता येईल इतकी करा. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, जाहीर नोटीस द्या, तिन्ही सहहिस्सेदारांकडून नोंदणीकृत साठेखत घ्या आणि त्यात दोन वाक्ये ठळक लिहा: खरेदीदार हे हक्क नफ्याने दुसऱ्याला देऊ शकेल, आणि हे मालकांना वाचून व समजावून दिले आहे. मुदत सहा महिन्यांऐवजी दोन ठेवा. एक लाखाऐवजी निदान पाचसहा लाख द्या, म्हणजे काकूंच्या उपचारांची वाट मोकळी होईल. या मार्गातला नफा करपात्र असतो. करारातील हक्क ही शेतजमीन नसल्याने शेतजमिनीची सवलत त्याला लागत नाही. ही आकडेमोड करून पाहिलीत, तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, कर आणि अडकलेला पैसा वजा जाता आठ लाखांतले किती उरतात, ते दिसेल. मला वाटते त्यानंतर दलालीचा आकडा तितका लहान वाटणार नाही.

ज्यांच्याकडे असा तरुण विसार घेऊन येतो, त्या काकांसारख्या वाचकांसाठीही थोडे लिहितो. विसार पावतीवर ‘तुम्ही सांगाल त्या इसमाच्या नावे’ हे शब्द असतील, तर त्यांचा अर्थ विचारा आणि पुढचा खरेदीदार ठरला आहे का, हेही विचारा. विक्रीचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र विसारासोबत कधीही देऊ नका. खरेदीखतावर स्वतः सही करायला दुय्यम निबंधक कार्यालयात जाणे हाच तुमचा सर्वांत मोठा बचाव आहे. मुदत संपली तर करार आपोआप रद्द होतो असे समजू नका. रीतसर नोटीस द्या, कारण करारपूर्तीचा दावा लावायला समोरच्याला तीन वर्षांपर्यंतचा अवधी असतो आणि तोवर नवा खरेदीदार बिचकतो. किंमत ठरवण्याआधी शेजारच्या गटांचे गेल्या दोनतीन वर्षांतले इंडेक्स टू काढून पाहा.

तुमच्या बाबतीत मी पहिले पाऊल असे सुचवीन की स्टॅम्प विकत घेण्यापूर्वी त्या गटाचा ताजा डिजिटल सातबारा, आठ-अ आणि सर्व फेरफार काढा, पुण्याच्या गृहस्थांकडे त्यांच्या शेतकरी असल्याचा पुरावा मागा, आणि त्यांच्याकडे तो नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पुरावा असेल, तर वडिलांना सोबत घेऊन काकांच्या घरी जा. दोन्ही बहिणींना दूरध्वनीवर घ्या. ३६ लाखांचा आकडा सर्वांसमोर सांगा आणि त्यातून तुम्हाला काय हवे आहे तेही तिथेच सांगा. ते तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी देतील किंवा कदाचित जास्तही देतील. काहीही ठरले तरी मसुदा वकिलांकडे नेण्याआधी मला पुन्हा लिहा, म्हणजे त्या ठरलेल्या अटींनुसार साठेखतात कोणती कलमे हवीत, ते पाहता येईल.